कमी गुणांची कैफियत

कॅट नामक व्यवस्थापन-प्रवेशपरीक्षेत ज्या भाग्यवंताला नव्याण्णवाच्या वर पर्सेंटाइल लाभले आहे, त्याला त्याचे चरित्र कोणी विचारीत नाही. त्याचा आकडा त्याच्या आधी दारातून आत जातो आणि त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. परंतु ज्याला ८२ च्या आसपास समाधान मानावे लागले आहे, तो मात्र निकालाच्या क्षणापासून चरित्रकार होतो, आणि चरित्र स्वतःचेच असल्यामुळे साधनांची टंचाई त्याला कधी भासत नाही. बालवाडीतील वेषभूषा स्पर्धेत मिळालेले उत्तेजनार्थ पारितोषिक, इयत्ता सातवीत भूषविलेले वर्गप्रतिनिधिपद, गणेशोत्सवात सोसायटीच्या वर्गणीचा सांभाळलेला हिशेब, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक वेळेवर न आल्यामुळे केलेली धावपळ, या सर्व घटना घडल्या त्या वेळी त्याच्या आईनेही त्यांना फारसे महत्त्व दिले नव्हते. त्यांना आता एकाएकी नेतृत्वगुणांच्या पुराव्याचा दर्जा प्राप्त होतो. गुण आणि गद्य यांचे प्रमाण व्यस्त असते, असा सिद्धान्त मी या विषयातील दीर्घ निरीक्षणानंतर बसविला आहे. गुण जितके कमी, तितकी कैफियत लांब.

या विषयाशी माझा संबंध कसा आला, हे सांगणे प्राप्त आहे. माझी हयात महसूल खात्यात गेली, आणि तिच्यातील बराच मोठा भाग लेखापरीक्षकांनी काढलेल्या आक्षेपांचे खुलासे लिहिण्यात गेला. वसुली उद्दिष्टापेक्षा कमी का झाली, या प्रश्नाचे खरे उत्तर दोन शब्दांत देता येते, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला सारखेच ठाऊक असते; तरीही ते तीन पृष्ठांत, अवर्षणापासून तलाठ्याच्या बदलीपर्यंत सर्व कारणांचा क्रमवार परामर्श घेऊन, परिशिष्टे जोडून आणि ‘सबब खुलासा मान्य व्हावा’ या विनंतीने शेवट करून द्यावे लागते, आणि ही विद्या आमच्या दफ्तरात माझ्याइतकी कोणालाच साधलेली नव्हती, असे माझे वरिष्ठ माझ्या निरोपसमारंभात म्हणाले होते. निवृत्तीनंतर ठाण्यास नौपाड्यात राहावयास आलो तेव्हा ही विद्या आता वाया जाणार, अशी माझी समजूत होती. परंतु व्यवस्थापनशास्त्राच्या संस्था प्रवेशासाठी निबंध मागू लागल्या आहेत, आणि कमतरतेचे समर्थन करण्याचा शासकीय अनुभव असलेला मनुष्य आपल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, ही वार्ता प्रथम नात्यात, मग इमारतीत आणि पुढे गोखले रस्त्याच्या पलीकडेही पसरली.

पहिला पक्षकार अर्थातच घरचा होता. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. इंजिनीअर, ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, वृत्तीने सालस आणि दिसावयास नीटस. डिसेंबरात त्याचा निकाल लागला तेव्हा घरात प्रथम पेढे आले आणि थोड्याच वेळात त्यांच्यावर झाकण पडले. ‘ब्याऐंशी’ हा आकडा कानी येताच बहिणीच्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती, कारण त्यांच्या काळी ब्याऐंशी टक्के मिळविणाऱ्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात छापून येत असे. हे टक्के नव्हेत, ही गोष्ट त्यांना समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. शंभरांतील ब्याऐंशी जणांना नातवाने मागे टाकले, हे ऐकून त्या अधिकच हर्षित झाल्या, आणि त्या हर्षाला गणिताचा आधारही होता; परंतु परीक्षेस बसणारे शंभर नसून तीन लाखांच्या जवळपास असतात, आणि त्या हिशेबाने नातवाच्या पुढे पन्नास हजारांहून अधिक मंडळी उभी आहेत, हे कळताच त्यांनी चष्मा काढला आणि ‘एवढे लोक शिकून करणार तरी काय?’ असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर नियोजन आयोगापाशीही नव्हते, आणि आता तर तो आयोगच राहिलेला नाही.

गुणांचा मूळ आकडा मात्र मी त्यांच्या कानावर घातला नाही. सुमारे दोनशे गुणांच्या या परीक्षेत चाळीस-पंचेचाळीस गुण मिळविणारा मनुष्य ऐंशीच्या घरात पर्सेंटाइल घेऊन बाहेर पडतो. म्हणजे ज्या कामगिरीबद्दल आमच्या शाळेत गुरुजींनी वडिलांना चिठ्ठी पाठविली असती, तिच्यायोगे येथे पाचांपैकी चार प्रतिस्पर्धी धारातीर्थी पडतात. बरोबर उत्तरास तीन गुण देतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण कापतात. प्रश्न सोडून दिला तर काहीच जात नाही. अज्ञानाला येथे शिक्षा नाही, अज्ञान असूनही उत्तर देण्याला आहे. हा दंडक परीक्षेपुरताच मर्यादित ठेवला आहे, ही आपल्या सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने मोठीच सोय म्हटली पाहिजे.

परीक्षेचे तीन विभाग असतात आणि प्रत्येकास चाळीस मिनिटांची मुदत असते. आधी इंग्रजी उतारे, मग तर्क आणि माहितीचा अन्वयार्थ, शेवटी गणित. मुदत संपली की तो विभाग संगणकाच्या पडद्यावरून निघून जातो आणि त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याची सवलत उमेदवाराला नसते. आमच्या भाचेरावांचा घात मधल्या विभागाने केला. आठ मित्र एका गोल मेजाभोवती बसलेले आहेत, त्यांतील दोघे वकील असून ते एकमेकांच्या समोर बसत नाहीत, कॉफी न पिणारा मनुष्य डॉक्टरच्या उजवीकडे नाही, आणि नागपूरहून आलेल्या गृहस्थाला निळा रंग आवडतो, एवढ्या सामग्रीवरून कोण कोठे बसला आहे हे काढावयाचे, अशा जातीचा तो प्रश्न होता. भाच्याने त्या मेजाभोवती इतका वेळ घालविला की बाकीचे प्रश्न उघडून पाहण्यासही तो उरला नाही. आणि एवढे करूनही ते आठ जण अखेरपर्यंत उभेच राहिले.

येथे माझ्यातील महसुली मनुष्य स्वस्थ बसू शकत नाही. या परीक्षेचे शुल्क अलीकडे अडीच हजार रुपयांच्या घरात गेले आहे. सवलतीचे उमेदवार निम्मे भरतात हे धरूनही, तीन लाखांवर गेलेल्या अर्जांचा ठोकळ हिशेब पन्नास कोटींच्या पुढे जातो. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे ही परीक्षा घेणाऱ्या आयआयएम या व्यवस्थापनसंस्थांपैकी पहिल्या दोन निघाल्या, आता त्यांची संख्या वीसच्या वर गेली आहे. २०१५ साली नागपुरास एक मिळाली, आणि २०२३ साली पवईच्या नीटी या जुन्या संस्थेचेच आयआयएम मुंबई असे नामांतर झाले. परंतु या सर्वांतील जागा एकत्र केल्या तरी त्या काही हजारच भरतात. म्हणजे ज्यांच्या पदरात गुंठाभरही जमीन पडावयाची नाही, अशा खातेदारांनीच या जमाबंदीतील बहुतेक सारा बिनबोभाट भरलेला असतो. इतकी तत्पर वसुली मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिली नाही. कमी गुणांचा उमेदवार हा या व्यवस्थेचा खरा आश्रयदाता आहे, आणि त्याच्या नावाची एक लहानशी पाटी, अहमदाबादेत लुई कान यांच्या आराखड्याप्रमाणे उभ्या राहिलेल्या त्या सुप्रसिद्ध तांबड्या विटांच्या वास्तूत, अगदी दर्शनी भागी नको, निदान एखाद्या जिन्याखाली तरी बसविण्यास कोणाची हरकत नसावी.

शिवाय त्याचे औदार्य एवढ्यावर थांबत नाही. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट, सिंबायोसिससाठी स्नॅप, त्याशिवाय एनमॅट, आणि प्रत्येकीचे शुल्क वेगळे. यांपैकी स्नॅप आणि एनमॅट या एकाच हंगामात तीनतीनदा देता येतात आणि त्यांतील उत्तम गुण धरले जातात. अपयशाची अशी हप्तेबंदी आमच्या पिढीला उपलब्ध नव्हती, आम्हांला ते एकरकमी भरावे लागे.

आता संस्था आपले निवडीचे धोरण दरवर्षी जाहीर करतात, आणि त्यात किमान अर्हता म्हणून ऐंशी-पंच्याऐंशी पर्सेंटाइलचा आकडा छापलेला असतो. भाच्याच्या आशेचे मूळ या आकड्यात होते. एका ठिकाणी ऐंशी मागितले आहेत आणि आपल्याला ब्याऐंशी आहेत, म्हणजे दोनांनी आपण वरच आहोत, असा सरळ अर्थ त्याने लावला होता. किमान अर्हता ही अर्ज दूर सारण्याच्या सोयीसाठी असते, जवळ घेण्यासाठी नसते, हे सरकारी कचेरीत चार वर्षे काढल्याविना कळत नाही. मुलाखतीचे बोलावणे, ज्याला ही मंडळी ‘कॉल’ म्हणतात, ते खुल्या प्रवर्गातील इंजिनीअर मुलाला नामांकित संस्थेकडून नव्याण्णवाच्या आगेमागे गेल्यावरच येते. “कॉल आला का रे?” असा प्रश्न जानेवारीभर जो भेटेल तो त्याला विचारीत असे, आणि त्यामुळे त्याच्या खिशातला फोन वाजला की सगळे घर श्वास रोखून उभे राही. तो बहुधा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या कंपनीचा असे.

पुढे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. अहमदाबाद, बंगळूर येथील संस्था केवळ या परीक्षेचे गुण पाहून थांबत नाहीत. दहावी, बारावी, पदवी आणि नोकरीचा काळ यांचाही हिशेब उमेदवाराच्या खाती मांडतात. भाच्याचे दहावीचे गुण चांगले होते, परंतु बारावीला रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी क्रिकेटचा एक सामना होता आणि तो अपेक्षेपेक्षा लांबला. त्या लांबलेल्या सामन्याची किंमत सज्ञान झालेल्या, कर भरणाऱ्या, मतदारयादीत नाव असलेल्या माणसाकडून अशा रीतीने वसूल व्हावी, हे मला न्यायाला धरून वाटत नाही. अल्पवयीन अपराध्याचा पूर्वेतिहास मोठेपणी त्याच्या आड येऊ नये म्हणून नोंदी नष्ट करण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. अल्पवयीन विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेला ती लागू नाही.

तेव्हा उरल्या त्या उमेदवाराचा आकडा कमी असला तरी त्याची एकंदर वाटचाल, अथवा या क्षेत्रातील परिभाषेत त्याचे ‘प्रोफाइल’, पाहू म्हणणाऱ्या संस्था. अशा एका संस्थेचा अर्ज घेऊन भाचा एका संध्याकाळी माझ्याकडे आला. “मामा, एक एस्से बघाल का जरा? पाचशे शब्दांत बसवायचाय, आणि रात्री बारापर्यंत मुदत आहे.” मी घड्याळाकडे पाहिले, साडेआठ झाले होते. मी त्याला पहिले वाक्य वाचावयास सांगितले. त्याने इंग्रजीत वाचले, ते मराठीत सांगावयाचे तर, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेच्या अत्यंत निकडीच्या प्रणालींच्या अखंड कार्यवाहीचे उत्तरदायित्व आपण गेली दोन वर्षे समर्थपणे वाहत आहो, असे होते.

“म्हणजे तू नक्की करतोस काय?” मी विचारले.

“रात्री त्यांचा सर्व्हर बंद पडला, की पुन्हा चालू करतो.”

“आणि चालू झाला नाही तर?”

“मग टीम लीडला फोन करतो.”

मी त्याच्या वाक्यात फारसा बदल केला नाही, कारण मूळ मसुदाच उच्च दर्जाचा होता; फक्त ‘प्रसंगविशेषी वरिष्ठ पातळीवर तत्काळ समन्वय साधून’ एवढे शब्द घातले. अर्जातील गद्याकडे पाहून मुलाला माझ्याच घराण्याचा वारसा लाभला आहे याविषयी माझी खात्री पटली.

खरा प्रश्न पुढे होता. कमी गुणांचा उल्लेख करावा की करू नये? याविषयी शास्त्रात दोन मते आहेत. दादरच्या क्लासचे सर म्हणतात, त्याविषयी अवाक्षरही काढू नये, परीक्षकाचे लक्ष आपण होऊन तिकडे का वेधावे; परंतु जो आकडा अर्जाच्या पहिल्याच रकान्यात ठळक छापला आहे तो परीक्षकाच्या नजरेतून सुटेल, ही कल्पना मला भाबडी वाटते. माझे मत असे की, आक्षेप निघणार हे निश्चित असेल तर खुलासा आधीच नस्तीला लावून ठेवावा, मात्र तो पहिल्या परिच्छेदात नसावा आणि शेवटच्यातही नसावा. वाचणाऱ्याचे डोळे जडावतात अशा चौथ्या परिच्छेदाच्या मध्यभागी, दोन सत्कृत्यांच्या दरम्यान, त्याची स्थापना करावी. त्याप्रमाणे एका बाजूस येऊरच्या पाड्यावर मुलांना शिकविण्यात घालविलेले रविवार आणि दुसऱ्या बाजूस ठाण्याच्या मॅरेथॉनमधील सहभाग ठेवून, मध्ये आम्ही ‘परीक्षेच्या सुमारास घरातील वयोवृद्ध आजींच्या अस्वास्थ्यामुळे एकाग्रतेत काहीसा व्यत्यय आला’ असे वाक्य बसविले. भाच्याने ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिले, आणि त्याच वेळी माझ्या बहिणीबरोबर डबा द्यावयास आलेल्या त्याच्या आजी दारात उभ्या होत्या.

“मला काय धाड भरली होती?” त्या कडाडल्या. “कार्तिकीला मी पंढरपुरास जाऊन आले, एसटीने! रांगेत उभी राहिले! अस्वास्थ्य म्हणे!”

तो परिच्छेद आम्हांला काढून टाकावा लागला, आणि अकरा वाजून गेल्यावर त्याच्या जागी नेतृत्व आणि अपयश यांच्या परस्परसंबंधावर ऐंशी शब्द घालावे लागले. ते अधिक परिणामकारक ठरले, कारण त्यांचा अर्थ मला, भाच्याला किंवा पुढे कोणत्याच परीक्षकाला लागला असेल असे वाटत नाही.

शिफारसपत्रांची कथा थोडक्यात सांगतो. काही संस्था, आणि परदेशातील तर बहुतेक सर्व, उमेदवाराच्या वरिष्ठाने त्याच्याविषयी गोपनीय अभिप्राय द्यावा अशी अपेक्षा बाळगतात. वरिष्ठ म्हणाले, “तूच लिहून आण, मी पाठवतो.” ही पद्धत आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि तीत गोपनीयतेचा भंग होतो असे मला वाटत नाही, कारण आपण आपल्याविषयी काय लिहिले आहे हे मनुष्य सहसा कोणाला सांगत नाही. अडचण निराळीच आली. आजवर आपल्या हाताखाली काम केलेल्या व्यक्तींत हा उमेदवार वरच्या दोन टक्क्यांत बसतो, पाचांत, दहांत की पंचवीसांत, असे त्या पत्रकात विचारलेले होते, आणि स्वहस्ते खूण करण्याची वेळ आली तेव्हा भाच्याच्या संस्कारांनी उचल खाल्ली. त्याने पंचवीसांवर खूण केली. हे कळल्यावर माझी बहीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. संस्कार मीच केले, असे म्हणून तिने शेवटी स्वतःलाच दोष दिला.

याच काळात माझी एक पुतणी अमेरिकेतील विद्यापीठांत जीमॅटच्या गुणांवर अर्ज करीत होती, आणि तिच्या पत्रव्यवहारावरून तिकडील व्यवस्था अधिक दयाळू आहे असे मला आढळून आले. ती परीक्षा बारा महिन्यांत पाच वेळा देता येते, आणि त्यातील कोणते गुण दाखवावयाचे हे उमेदवाराने ठरवावयाचे; नव्या पद्धतीत गुण २०५ पासून ८०५ पर्यंत असतात आणि प्रत्येक आकडा पाचावरच संपतो. त्याहून मोठी गोष्ट ही की, तिकडील अनेक संस्था ‘ऐच्छिक निबंध’ म्हणून एक स्वतंत्र रकाना ठेवतात, ज्यात उमेदवाराने आपल्या अर्जातील उणिवांविषयी काही सांगावयाचे असल्यास सांगावे. खुलाशासाठी इतकी सन्मानाची, स्वतंत्र जागा राखून ठेवणाऱ्या राष्ट्राविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवसायशाळेने तर १९८५ च्या सुमारास ही परीक्षा मागणेच बंद केले होते, आणि नव्वदीच्या दशकात ती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात परीक्षेविना आत गेलेल्यांच्या हातून कंपन्यांचे काही विशेष नुकसान झाल्याचे दिसत नाही. नेहमीचेच झाले.

इकडे फेब्रुवारीत भाच्याला एका संस्थेचे मुलाखतीचे बोलावणे आले. तयारीसाठी आमच्या दिवाणखान्यात एक नमुना-मुलाखत ठेवण्यात आली. मंडळावर मी, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक व्यवस्थापक आणि सोसायटीचे सचिव. ठाण्याच्या उन्हाळ्याची चाहूल लागलेली असताना गडद निळा कोट, टाय आणि नवे बूट घालून भाचा आत आला व ‘आत येऊ का’ असे स्वतःच्याच मामाला इंग्रजीत विचारून उभा राहिला, तेव्हा माझ्या पत्नीला हसू आवरेना आणि तिला स्वयंपाकघरात पाठवावे लागले. व्यवस्थापक साहेबांनी रेपो दर विचारला. सचिवांनी, संधी साधून, गच्चीच्या गळतीवर तू काय उपाय करशील असे विचारले. शेवटी मी मुख्य प्रश्नाला हात घातला: गुण इतके कमी का?

“सर, त्या अनुभवाकडे मी एक लर्निंग म्हणून पाहतो,” भाचा म्हणाला.

“कर्ज बुडाले की आमच्याकडे ‘तरतूद केली’ म्हणत,” व्यवस्थापक साहेब समाधानाने मान डोलावीत म्हणाले. “तेच हे. पास.”

महाराष्ट्र राज्याची सीईटी मात्र या सर्व साहित्यव्यवहारास अपवाद आहे. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे, म्हणजे दर प्रश्नास ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला दंड नाही, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत उरलेल्या सर्व प्रश्नांवर एकाच अक्षराची बरसात करून उमेदवार निश्चिंत मनाने उठतो. नंतर सगळा कारभार केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा: गुणवत्ता यादी, विकल्प, फेऱ्या, अधिवासाचा दाखला, मूळ कागदपत्रांची पडताळणी. मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने १९६५ साली काढलेल्या, चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत जावयाचे असेल तर या यादीत अगदी शिखरावर नाव लागते, आणि ते नसेल तर तुम्ही येऊरला शिकविले की एव्हरेस्टवर, याची तेथे चौकशी होत नाही. एक जुना शासकीय नोकर म्हणून या निःस्पृहतेचा मला अभिमान वाटतो. एक खुलासालेखक म्हणून मी तेथे निरुपयोगी आहे.

एवढे सर्व पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, कमी गुणांच्या उमेदवाराचा व्यवस्थापनसंस्थांवरील हक्क जास्त गुणांच्या उमेदवारापेक्षा काकणभर अधिकच आहे. या संस्थांतून बाहेर पडलेला मनुष्य पुढे करतो काय? ज्या वर्षी कंपनीला तोटा होतो त्या वर्षी भागधारकांपुढे ठेवावयाच्या अहवालात ते ‘आव्हानात्मक वर्ष’ होते असे लिहितो, बंद केलेल्या कारखान्याला ‘पुनर्रचना’ म्हणतो, आणि घटलेल्या विक्रीच्या शेजारी हसऱ्या शाळकरी मुलांचे छायाचित्र छापतो. यांपैकी प्रत्येक कला आमच्या भाच्याने प्रवेशापूर्वीच, स्वखर्चाने, रात्री बाराच्या मुदतीत आत्मसात केली होती. नव्याण्णव पर्सेंटाइलवाल्याला हे सर्व तेथे जाऊन दोन वर्षांत, आता पुष्कळ ठिकाणी वीस लाखांच्या पुढे गेलेली फी भरून शिकावे लागते. त्याला आयुष्यात कधी कशाचा खुलासा करावा लागलेला नसल्यामुळे, पहिल्या तोट्याच्या वर्षी तो गांगरून खरे बोलून जाण्याचा धोका असतो.

भाचेरावांचे पुढे बरे झाले. त्या संस्थेने त्यांना प्रतीक्षायादीत घातले, यादीत वर असलेली मंडळी एकामागून एक अधिक नामांकित ठिकाणी निघून गेली, आणि जूनच्या अखेरीस, शैक्षणिक कर्जाचे कागद व्यवस्थापक साहेबांच्या जुन्या शाखेतून मंजूर होऊन, ते आत गेले. सध्या ते दुसऱ्या वर्षाला असून प्रवेशेच्छूंना मार्गदर्शन करणाऱ्या विद्यार्थी-समितीचे सदस्य आहेत. निवडीत गुण हा केवळ एक घटक असतो, असे ते नवागतांना सांगतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते सांगताना कोटही घालतात.

कॅट अलीकडे नोव्हेंबरच्या अखेरीस एखाद्या रविवारी होते आणि निकाल डिसेंबरात लागतो. त्यानंतर माझ्याकडे गर्दी होते. तरी ज्या पालकांना मसुदा हवा असेल त्यांनी सर्व गुणपत्रिकांच्या प्रती घेऊन, मुदतीच्या किमान तीन दिवस आधी, सायंकाळी पाचनंतर यावे. मोबदला घेत नाही. आजीच्या आजारपणाचा उल्लेख करावयाचा असल्यास मात्र आजींची लेखी संमती सोबत आणावी.